तिसऱ्या पॅनेलची मूळ स्थिती

"सूनबाई, पुलावरच्या तिसऱ्या पॅनेलवर पाय ठेवू नकोस. आतून सुटलंय ते," असं सासरे मला म्हणाले, तेव्हा मी मुलीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तिसऱ्यांदा घट्ट करत होते. मी म्हटलं, "बरं, बाबा." आमच्या घरात "बरं, बाबा" याचा अर्थ 'ऐकलेलं नाही' असा होतो.

यावरून मी बेफिकीर बाई आहे असा समज कृपया करून घेऊ नये. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दुपारी ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासते. खेळण्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरं मी शेवटपर्यंत वाचते. द्राक्ष उभं चार भागांत कापल्याशिवाय तिच्या हातात पडत नाही. घरातल्या एकूण एक टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावलेला आहे, आणि त्या स्पंजाचा तुकडा ती खाईल की काय याची काळजीही मीच करते. थोडक्यात, काळजी हे खातं माझ्याकडे आहे आणि त्यात दुसऱ्या कुणी लुडबुड केलेली मला खपत नाही.

सासऱ्यांचा इशारा मी उडवून लावला तो निष्काळजीपणामुळे नव्हे, शिक्षणामुळे. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. लहरींच्या प्रकरणात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. आणि पुलाच्या तोंडाशी कार्यालयाने पाटीच लावलेली होती: 'या पुलाची तपासणी दररोज अतिसूक्ष्म ध्वनिलहरींनी केली जाते. हिरवा दिवा म्हणजे आपण सुरक्षित.' वर हिरवा दिवा. दिवा आणि सासरे यांत निवड करायची वेळ आली तर सुशिक्षित सून कुणाची बाजू घेणार?

सासऱ्यांचा पूर्वेतिहासही त्यांच्या विरोधात जात होता. थरांच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. होड्यांच्या बाजू, शीतगृहाच्या भिंती, दारं असलं सगळं. वर एक पातळ पत्रा, खाली एक पातळ पत्रा, मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखं भरण, आणि हे सगळं डिंकासारख्या एका रसायनाने चिकटवलेलं. बाबांचं काम म्हणजे छोटी पितळी हातोडी घेऊन त्यावर टकटक करत फिरायचं. जिथे थर नीट चिकटलेत तिथे आवाज खणखणीत. जिथे आत सुटलेत तिथे बसका. बाहेरून दोन्ही सारखेच चकचकीत. कारखान्यात त्यांना टकटकराव म्हणायचे. निवृत्तीनंतर राव घरी बसले, टकटक बसली नाही. दारं, कपाटं, कलिंगड, एकदा तर दाताच्या डॉक्टरांचं टेबल.

"बाबा, कलिंगडाबद्दलही तुम्ही असंच म्हणाला होतात," मी म्हटलं.

"आणि कसं निघालं कलिंगड?"

"पांढरं."

"मग?"

"मग काय, कलिंगडाला हिरवा दिवा नव्हता."

आता पुलाविषयी. आमच्या घरासमोरचा मोठा रस्ता ओलांडायला हा पादचारी पूल आहे आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला मुलीचं पाळणाघर. चालायला बारा पॅनेलं, वर सांगितलेल्या पद्धतीची, पोळं भरलेली. खाली गाड्या. रोज सकाळी दहाच्या सुमारास तीसेक मुलं त्यावरून जातात, आणि मुलं चालत नाहीत, उड्या मारतात.

एके दिवशी माझा हात सोडून मुलगी तिसऱ्या पॅनेलवर जाऊन थांबली. "आई, इथे पूल गुदगुल्या करतो!" असं म्हणून तिने टुणकन उडी मारली. मी पाय ठेवून पाहिला. डब्याच्या पातळ झाकणावर अंगठा दाबला की ते कसं 'टिक' करून आत जातं आणि 'टक' करून वर येतं, तसं ते पॅनेल माझ्या चपलेखाली आत गेलं आणि वर आलं. मी मुलीला उचललं. वर पाहिलं. दिवा हिरवा होता. त्या दिवशी मला पदार्थविज्ञानाची पहिल्यांदा भीती वाटली.

मी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला.

"तक्रार कशाची?"

"पुलाची. तिसरं पॅनेल आतून सुटलंय."

"कुणी पाहिलं?"

"दिसत नाही हो. आतून आहे."

"मग कळलं कसं?"

"सासऱ्यांनी ठोकून पाहिलं. बसका आवाज येतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "श्राव्य तक्रारी बंद झाल्या, लहरयंत्रणा आल्यापासून. आता फक्त लहरीय."

"पण ऐकू येतंय ना!"

"येत असेल. कान प्रमाणित आहे का?"

"कान?"

"सासऱ्यांचा. चाचणीचं उपकरण म्हणून कान वापरला असेल तर त्याचं प्रमाणपत्र जोडायचं. उजवा की डावा, तेही लिहायचं."

मी बाबांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. वयोमानाने बारीक, उंच आवाज त्यांना ऐकू येत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. खिडकीतल्या बाईंनी अहवाल वाचला आणि अर्जावर शेरा मारला: 'उपकरण नादुरुस्त.'

"अहो, मी कानाने ऐकतच नाही," बाबा खिडकीत वाकून म्हणाले. "हातोडीच्या दांड्यातून बोटांना कळतं."

"बोटांसाठी वेगळा अर्ज आहे," बाई म्हणाल्या. "आणि तो संपलाय."

माझा चेहरा पाहून की काय, त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत साहेबांकडे पाठवलं. साहेब तरुण होते, सभ्य होते आणि आपल्या यंत्रणेवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. सगळे त्यांना लहरसाहेब म्हणत. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचं एक रोप होतं आणि पुलावरच्या दिव्याची छोटी प्रतिकृती होती. पूल हिरवा असला की टेबलही हिरवं.

"सोपं आहे, मॅडम," ते म्हणाले. "पुलाच्या या टोकाला एक चकती चिकटवलीय, त्या टोकाला दुसरी. ही लहर सोडते, ती घेते. लहर पत्र्याबाहेर जाऊ शकत नाही. पन्हळीतल्या पाण्यासारखी दोन काठांमधून धावते. वाटेत थर सुटला असेल तर तिची चाल बदलते. मग आम्ही आजची लहर मूळ लहरीशी ताडून पाहतो. सारखी असली की हिरवा. वेगळी असली की लाल."

"मूळ लहर म्हणजे?"

"यंत्रणा बसवली त्या दिवशी घेतलेली पहिली नोंद. पुलाची मूळ स्थिती."

"आणि त्या दिवशीच पॅनेल सुटलेलं असेल तर?"

सूर्य झोपायला कुठे जातो असं विचारणाऱ्या मुलाकडे पाहून हसतात तसे साहेब हसले. "मॅडम, त्या दिवशी सुटलेलं असेल, तर सुटलेलं असणं हीच त्याची मूळ स्थिती."

बाबा इतका वेळ टेबल ठोकून पाहत होते. ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी होतो तिथे. उद्घाटनाची कोनशिला चौघं जण उचलून आणत होते. हात सुटला. शिळा तिसऱ्या पॅनेलवर आदळली."

"शिळेला काही झालं नव्हतं," साहेब चटकन म्हणाले.

"शिळेला नाही. टाळ्याही वाजल्या. मग अर्ध्या तासाने पाहुण्यांनी बटण दाबलं."

"तीच मूळ नोंद," साहेब अभिमानाने म्हणाले. शिळेवर त्यांचंही नाव होतं.

घरचा जिना चढून आल्यावर बाबा म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी पूल मोकळा असतो. दुपारी दोन तास मिळाले तर मी भरून टाकतो."

कायद्याने हे चूक होतं. पण माझी मुलगी रोज त्यावर उड्या मारत होती. मी पहारा दिला. बाबांनी पत्र्याला दोन बारीक भोकं पाडली, मोठ्या सिरिंजने चिकट रसायन आत सोडलं आणि म्हणाले, "आता दोन तास वजन हवं." मी दोन जाडजूड शब्दकोश आणले. ते पुरेनात, म्हणून नवऱ्याला आणलं.

"मी काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"उभा राहा," बाबा म्हणाले. "आणि हलू नकोस."

"एवढंच?"

"अरे, लग्न झाल्यापासून सराव आहे तुला."

दोन तासांनी बाबांनी हातोडी चालवली. टण, टण, टण. मुलीने उडी मारली आणि तोंड पाडून म्हणाली, "आता गुदगुल्या नाही करत." इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुलावर लाल दिवा लागला. भोंगा वाजला. दोन्ही तोंडांना दोऱ्या बांधल्या गेल्या. लहरसाहेब लहरी दाखवणारा छोटा पडदा हातात घेऊन धावत आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आनंद जास्त होता. तीन वर्षांत यंत्रणेने पहिल्यांदाच काहीतरी पकडलं होतं.

"पॅनेल क्रमांक तीन मूळ स्थितीपासून विचलित," त्यांनी जाहीर केलं.

मी न राहवून पुढे झाले. "अहो, विचलित नाही, बरं झालंय ते! आम्ही दुरुस्त केलं!"

"बरं की वाईट हे यंत्रणा सांगत नाही, मॅडम. ती बदल सांगते. बदल म्हणजे बिघाड."

"मग नवी मूळ नोंद घ्या ना!"

"घेता येईल. त्यासाठी पूल सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र लागतं."

"ते कोण देतं?"

"यंत्रणा. हिरवा दिवा लागल्यावर."

"आणि हिरवा दिवा कधी लागणार?"

"मूळ नोंदीशी जुळल्यावर," साहेब शांतपणे म्हणाले, आणि मला या युक्तिवादात सुई घालायलाही जागा सापडेना.

दुपारी दोन कामगार पातळ, लांब पाती घेऊन आले. एकाने कडेने पातं आत सरकवलं. साहेब पडद्याकडे पाहत सूचना देत होते. "अजून थोडं सोडवा... अजून... डावीकडे जरा... बास! बास!" दिवा हिरवा झाला. जमलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत पाळणाघराच्या बाईही होत्या. दोऱ्या सुटल्या, मुलं धावली आणि तिसऱ्या पॅनेलवर पोचल्यावर माझी लेक आनंदाने ओरडली, "आजोबा, परत गुदगुल्या!"

बाबांना लेखी समज मिळाली: 'सार्वजनिक वास्तू विनापरवाना सुस्थितीत आणल्याबद्दल.' त्यांनी ती घडी घालून हातोडीच्या डबीत ठेवली.

मी हार मानली नाही. सात अर्ज केले. कार्यालयाने माझी दखल घेतली, हे मला प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे. दोन महिन्यांनी पत्र आलं: 'मूळ नोंद जुनी झाल्याबाबतच्या आपल्या तक्रारीस अनुसरून यापुढे मूळ नोंद दररोज सकाळी दहा वाजता नव्याने घेण्यात येईल. आजचा पूल कालच्या पुलाशी ताडून पाहिला जाईल. दिवा लाल असल्यास मात्र नवी नोंद घेतली जाणार नाही.' नवऱ्याने पत्र वाचून माझं अभिनंदन केलं. मी त्याला समजावलं, की एखादी गोष्ट रोज केसभर बिघडत गेली, तर ती रोज कालच्यासारखीच दिसते. अशा रीतीने ती थेट खाली रस्त्यावर पडेपर्यंत हिरवीच राहील.

"अगं, पण आज तर हिरवा आहे ना?" नवरा म्हणाला.

तेव्हापासून मी मुलीला पुलावरून नेणं बंद केलं. आम्ही जिना उतरून, वळसा घालून, दोन सिग्नल ओलांडून जायचो. वीस मिनिटं जास्त. पण बाकीच्या मुलांचं काय? बाबांनी त्याचा आपल्यापुरता निकाल लावला. नवी पद्धत सुरू झाली त्याच दिवसापासून रोज सकाळी मुलं येण्याआधी ते पुलावर जायचे आणि तिसऱ्या पॅनेलवर, कडेला जिथे पत्रा अजून धरून होता, तिथे पाय रोवून उभे राहायचे. "डावीकडून, डावीकडून," असं म्हणत एकेका मुलाला दुसऱ्या बाजूने काढून द्यायचे. आधी पालक हसले. "आजोबांना काही उद्योग नाही वाटतं?" मग सवय झाली. मुलं त्यांना डावीकडचे आजोबा म्हणू लागली. महिने गेले.

त्या महिन्यांतली एकच गोष्ट सांगते. एका सुट्टीच्या दिवशी बाबा आणि नात जमिनीवर बसून कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडत होते. तिने खिळा धरला होता, ते हातोडी मारत होते. मी किंचाळले. खिळा गंजका होता. मी तो हिसकावला, तिची बोटं साबणाने दोनदा धुतली आणि बाबांना बोलले. म्हणजे मी खिळा पाहिला, गंज पाहिला, बोटं पाहिली. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, अशी माझी ख्याती आहे.

मग तो मंगळवार. निघताना मी बाबांच्या खोलीच्या दाराशी थांबून रोजच्यासारखं विचारलं, "बाबा, बरे आहात ना?"

"बरं आहे," आतून आवाज आला. कालच्यासारखाच. मी मुलीचे मोजे शोधून बाहेर पडले.

दहा वाजून पाच मिनिटांनी मी पाळणाघराच्या दारात असताना पुलावर भोंगा वाजला. लाल दिवा. पूल सुटला, शेवटी सुटलाच. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मॅडम, लहरसाहेब बोलतोय. तुमचे सासरे कुठे आहेत?"

"पुलावर नाहीत?"

"नाहीत ना! तीच तर अडचण आहे. रोज दहाच्या नोंदीला ते पॅनेल तीनवर उभे असतात. ते आमच्या नोंदीचा भाग झालेत. आज ते नाहीत, म्हणजे पूल कालच्यासारखा नाही. त्यांना ताबडतोब पाठवा."

मी मुलीला बाईंच्या हातात देऊन पळत सुटले. बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात. कपाळावर घाम.

"जरा दम लागला," ते म्हणाले. "पाच मिनिटांत निघतो. मुलं येऊन गेली का?"

"बाबा, कधीपासून होतंय हे?"

"नेहमीचंच आहे गं."

मी नवऱ्याला बोलावलं. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेत असताना साहेबांचा पुन्हा फोन आला. आजोबा येणार नसतील तर तात्पुरती सोय म्हणून त्यांच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवता येईल. वजन किती? "एकसष्ट," नवऱ्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं. त्याला वडिलांचं वजन पाठ होतं. मलाही होतं. बाबा एकसष्ट किलोचे, हे आमच्या घरात सर्वांना माहीत होतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"कालपेक्षा काही फरक नव्हता," नवरा म्हणाला.

तेवढ्यात साहेबांचा तिसरा फोन आला. या वेळी ते चिडलेले होते. "मॅडम, आपण चुकीची माहिती दिलीत. एकसष्टला दिवा लालच. आम्ही ओंजळीओंजळीने वाळू काढत बसलोय. एकोणपन्नासला हिरवा झाला. कृपया यापुढे अचूक माहिती द्यावी."

डॉक्टरांनी बाबांना काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास.

बारा किलो. रोज केसभर. घरात मी, डोळ्यांत तेल घालून बसलेली, पदार्थविज्ञानाची पदवीधर. बाबांचा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत आत आत येत गेला आणि मी गंजका खिळा पकडला. ज्या यंत्रणेला मी सात अर्ज लिहून मूर्ख ठरवलं, तिला ते नाहीत हे दहा वाजून पाच मिनिटांनी कळलं होतं. मला तिच्याकडून कळलं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात असं म्हणवत नाही, पण अगदीच उशीरही नाही. बाबा सध्या रुग्णालयात आहेत. पलंगाच्या डोक्याकडची फळी ठोकून त्यांनी ती पोकळ असल्याचं परिचारिकेला कळवलं आहे. भेटायला गेलं की पहिला प्रश्न असतो, "मुलं डावीकडून जातात ना?"

जातात. तिसऱ्या पॅनेलवर एकोणपन्नास किलोचं पोतं कायमचं ठेवलंय. ते हलवायला कुणाला परवानगी नाही, त्यामुळे त्या पॅनेलच्या सुटलेल्या भागावर आता कुणी पाय ठेवू शकत नाही. पुलाची ही पहिली खरी दुरुस्ती. कार्यालयाने पोत्यावर पाटी लावली आहे: 'मूळ स्थिती. स्पर्श करू नये.' मुलगीही आता पुन्हा पुलावरून जाते आणि जाताना पोत्याला टाटा करते.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही कार्यालयावर हसलात, हे मला माहीत आहे. मीही हसत होते. पण तुमच्या घरात, किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला, असं एक माणूस असेल जे रोज "बरं आहे" म्हणतं, आणि तुम्ही ते कालच्या "बरं आहे"शी ताडून हिरवा दिवा लावून मोकळे होता. हे वाचून झालं की उठा आणि त्यांच्याकडे जा. "बरे आहात ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. शेजारी बसा. पट्टा कितव्या भोकावर आहे ते बघा. आणि शक्य झालं तर हे आठवून पाहा, की त्यांचा शेवटचा खणखणीत आवाज तुम्ही नक्की कधी ऐकला होता.

आठवत नसेल, तर आजच जा.